स्टॉकहोममध्ये अर्धा दिवस जमिनीखाली कशाला? (आमच्या स्वीडन ग्रुपसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी, टूरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉकहोमच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून जेवणापर्यंत फक्त "टुनेलबाना" एवढंच लिहिलंय, आणि ते वाचून दर ग्रुपमधून एक तरी फोन येतोच की अहो मेट्रो काय बघायची, त्यापेक्षा तो वेळ शॉपिंगला द्या ना. फोनवर दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून देतोय, निघायच्या आधी दहा मिनिटं काढून वाचा.

टुनेलबाना म्हणजे तिथली मेट्रो. 1950 साली सुरू झाली, आज 100 स्टेशनं आहेत आणि त्यातल्या 90 हून जास्त स्टेशनांवर काही ना काही कलाकाम आहे, म्हणजे भिंतीवरची चित्रं, शिल्पं, मोझाइक, कोरीवकाम, टाइल्स. हे आपोआप झालं नाही बरं का. वेरा निल्सन आणि सिरी डेर्केर्ट नावाच्या दोन चित्रकार बायकांनी 1950 च्या दशकात आग्रह धरला की चित्रं काय फक्त म्युझियमला जाणाऱ्यांनीच बघायची का, रोज कामाला जाणाऱ्या माणसालाही दिसली पाहिजेत. मग 1956 मध्ये टी-सेंत्रालेन या मधल्या मोठ्या स्टेशनासाठी स्पर्धा घेतली आणि पुढच्या वर्षी ते स्टेशन सुरू झालं ते कलाकामासकटच. तिथून जी सुरुवात झाली ती अजून चालूच आहे.

आपण मुख्यतः निळी लाइन बघणार, ती 1975 ची. स्टॉकहोमच्या खाली चांगला टणक कातळ आहे, त्यामुळे सुरुंग लावून फोडलेल्या भुयाराला आतून सपाट भिंती न बांधता कातळावरच काँक्रीटचा पातळ थर फवारून मारला आणि मूळ दगडाचे उंचवटे खड्डे सगळे तसेच राहू दिले, वर रंग. आपल्याला ही पद्धत अगदीच परकी नाही, अजिंठ्यात कातळावर मातीचा गिलावा देऊन रंगवलं, इथे सिमेंटचा हात मारून. फोटोत हे कळत नाही, भिंत सपाटच वाटते. तिथे उभं राहिलात की छत अंगावर आल्यासारखं वाटतं.

टी-सेंत्रालेनला निळ्या लाइनच्या प्लॅटफॉर्मवर पांढऱ्या भिंतीवर निळ्या वेली, पानं काढलीत, पेर ओलोफ उल्टवेटचं काम. गर्दीचं स्टेशन, लोक धावपळ करत गाड्या बदलणार, तर त्यांना जरा शांत वाटावं म्हणून निळा रंग घेतला. तिथे सगळे वेलींसमोर उभे राहून फोटो काढतात आणि निघतात, तर प्लीज तसं करू नका, जरा पुढे चाला आणि छताकडे बघा, तिथे माणसांच्या निळ्या सावल्या आहेत, सुतार, वेल्डर, खाणकाम करणारे. हे स्टेशन ज्यांनी खणलं आणि बांधलं तेच लोक. नेत्यांच्या नावाच्या कोनशिला आपण खूप बघतो, वेल्डरला छतावर जागा दिलेली मी तरी दुसरीकडे बघितली नाही.

सोल्ना सेंट्रम हे ग्रुपचं लाडकं स्टेशन. वर सगळं रक्तासारखं लाल आणि खाली हिरवं जंगल, सरकता जिना उतरताना लहान मुलं गप्प होतात. बऱ्याच जणांना वाटतं मस्त संध्याकाळ काढलीय, पण कार्ल-ओलोव ब्यॉर्क आणि आंदेर्स ओबेर्ग यांनी 1970 च्या दशकातली भांडणं रंगवलीत, जंगलतोड, ओस पडणारी खेडी, बिघडत चाललेलं पर्यावरण. जंगल जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे आणि त्यात मधेमधे छोटे प्रसंग लपलेत, शोधायला वेळ लागतो म्हणूनच आपण तिथे जास्त थांबतो.

कुंगस्त्रेगोर्डेन खूप खोल आहे, तीस मीटरच्याही खाली. इथे वर एकेकाळी माकालोस नावाचा महाल होता, 1825 मध्ये जळाला, त्याच्या आठवणी म्हणून उलरिक सॅम्युएलसनने खाली पुतळे, खांब असं काहीबाही मांडून ठेवलंय, जणू उत्खननात सापडलंय. भिंतीतून पाणी झिरपतं, शेवाळं धरतं, आणि एक बारीक कोळी आहे जो सगळ्या स्वीडनमध्ये फक्त याच स्टेशनात सापडलाय. कोळी आपल्याला दिसणार नाही, विचारू नका.

स्टॅडियन स्टेशन लाल लाइनवर, 1973 चं, आकाशी भिंतीवर इंद्रधनुष्य, एन्नो हालेक आणि ओके पल्लार्प यांचं. गुहेत उतरताना लोकांना पाताळात चाललोय असं वाटू नये, वर आकाश आहे हे लक्षात राहावं, असा हेतू. शेजारीच 1912 च्या ऑलिंपिकचं स्टेडियम, म्हणून ते रंग ऑलिंपिकच्या वर्तुळांचीही आठवण देतात.

आता माझ्या आवडीचं, जे बघून निम्मे लोक म्हणतात इथे काय आहे. ओस्टरमाल्मस्टोर्ग. रंग जवळजवळ नाहीच, करडं काँक्रीट आणि त्यावर पोरांनी खरवडल्यासारख्या रेघा. हे सिरी डेर्केर्टबाईंचं 1965 चं काम, वाळूचा फवारा मारून काँक्रीटमध्ये कोरलेलं, आणि तेव्हा त्यांचं वय 70 च्या पुढे. बायकांचे हक्क, शांतता, पर्यावरण हे विषय. गंमत अशी की हेच स्टेशन अणुयुद्धात आसरा म्हणून वापरता यावं असं बांधलंय, म्हणजे बॉम्बपासून लपायच्या जागेवर बाईंनी शांतता कोरून ठेवलीय. पाच मिनिटं जवळ जाऊन बघा, मग नावं ठेवा.

आणि सगळ्यांना सगळं आवडतं असंही नाही. 2017 मध्ये स्लुसेन स्टेशनला लिव स्ट्रोमक्विस्ट यांची चित्रं लावली, त्यात पाळीचा डाग दिसणारी स्केटिंग करणारी बाई होती, त्यावरून केवढा गदारोळ झाला. ती चित्रं ठरावीक काळापुरतीच होती, आता तिथे दिसणार नाहीत.

थोडं कामाचं. एक तिकीट 75 मिनिटं चालतं, तेवढ्या वेळात कितीही वेळा उतरा चढा, पण आपल्याला जास्त वेळ लागतो म्हणून 24 तासांचा पास आम्ही आधीच काढलेला असतो, तो हरवू नका. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांना मोकळी, जोडीने शेजारीशेजारी उभं राहिलात तर मागून लोक "एक्स्क्यूज मी" करत राहतात. ट्रायपॉड आणू नका, गाडी येताना फ्लॅश मारू नका, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येतो. डिसेंबरवाल्या ग्रुपला विशेष सांगणं, तेव्हा दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, बाहेर अंधार आणि बर्फ, त्यामुळे ही सकाळ नकोशी वाटणार नाही.

आणि चुकामूक. दर ट्रिपला कोणीतरी फोटोच्या नादात मागे राहतं किंवा उतरायचं विसरून गाडीतच बसून राहतं, मागच्या वेळी एक काका-काकू गप्पा मारत मारत थेट शेवटच्या स्टेशनला पोचले होते. मागे राहिलात तर त्याच प्लॅटफॉर्मवर थांबा. गाडीत राहिलात तर पुढच्याच स्टेशनला उतरून तिथेच उभे राहा, स्वतःहून परत फिरू नका, आम्ही मागच्या गाडीने येतोच.