आधी चित्र, मग गुणाकाराचे चिन्ह

‘पोदेर (गोव्यातला पाववाला) 7 घरांत प्रत्येकी 6 उंडे (गोल पाव) देतो. एकूण उंडे किती?’ पाढे तोंडपाठ असलेली मुलेही इथे कधी कधी 7 + 6 = 13 लिहून मोकळी होतात. पाढे कच्चे नसतात; दोन्ही संख्या एकाच जातीच्या नाहीत, हे ध्यानात आलेले नसते. 6 हे एका गटातले उंडे, 7 हे गट. सात चौकोन काढून प्रत्येकात सहा ठिपके दिले, की 13 आपोआप बाद होतात.

ठिपक्यांआधी खऱ्या वस्तू हाताळू द्याव्यात. चिंचोके उत्तम. कच्च्या काजूबिया नकोत, त्यांच्या सालातल्या तेलाने कातडी भाजते. मग चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक ठिपका, अशा सहा-सहाच्या सात रांगा. वही आडवी फिरवली की सात-सातच्या सहा रांगा दिसतात. उत्तर 42च, पण आता घरे सहा आणि प्रत्येकी उंडे सात. हा फरक मुलांकडून बोलून घ्यावा.

माडांच्या 6 रांगा, प्रत्येकीत 14 माड असतील, तर दहाव्या ठिपक्यानंतर उभी रेघ मारावी. डावीकडे 60, उजवीकडे 24, मिळून 84. उभ्या मांडणीत जे 2 हातचे घेतात, ते या 24 मधले दोन दशक.

संख्या मोठ्या झाल्या की ठिपके सोडून पट्टी काढावी, म्हणजे सारख्या खान्यांचा आडवा लांबट चौकोन. सिंगापूरच्या शाळांत ही पद्धत 1980च्या दशकात रुजली. उदाहरणार्थ: ‘लहान टोपलीत 24 मानकुराद आंबे, मोठीत त्यांच्या तिप्पट. दोन्हींत मिळून किती?’ लहान टोपलीसाठी एक खाना, मोठीसाठी खाली तसेच तीन. डाव्या कडा एका रेषेत, खाने सारख्याच लांबीचे. पहिल्या खान्यात 24 लिहायचे आणि प्रश्नचिन्ह दोन्ही पट्ट्यांना मिळून कंस काढून त्याच्या बाहेर. ही जागा चुकली की मूल 72 वर थांबते. खाने चार, म्हणून 4 × 24 = 96.

आता वाक्य जरा फिरवा: ‘मोठ्या टोपलीत 24 आंबे, ते लहानीच्या तिप्पट. लहानीत किती?’ ‘पट दिसले की गुणा’ असे शिकवलेले मूल 72 सांगेल. पट्टी तीच, पण 24 हे तीन खान्यांचे. एका खान्याचे 8. असे खुणेचे शब्द पाठ करून घेणे आम्हाला घातकच वाटते.

एखादी संख्या उगाच घालूनही पाहावी: ‘फेरीबोट एका फेरीत 12 स्कूटर नेते, नदी ओलांडायला 10 मिनिटे लागतात. 5 फेऱ्यांत किती स्कूटर?’ पाच खाने, प्रत्येकात 12, उत्तर 60. त्या 10 मिनिटांना पट्टीत जागा नाही. ‘हे कुठे लिहू?’ असे मुलाने विचारले, तर उत्तर न देता त्यालाच विचारावे: खान्यांत काय आहे, स्कूटर की मिनिटे?