टाइप-सी म्हणजे फास्ट चार्जिंग नव्हे

गेल्या दिवाळीत मामाने नवा फोन घेतला. जुन्याचं चार्जिंगचं भोक सैल झालं होतं. पिन खोचून फोन उशीला टेकवून एका ठरावीक कोनात ठेवला तरच बॅटरीचं चिन्ह हलायचं. त्यामुळे दुकानात त्याची अट एकच होती, "टाइप-सी पाहिजे." दुकानदाराने टाइप-सी दिला आणि वर "एकदम फास्ट" असंही ठोकून दिलं. भाऊबिजेच्या सकाळी मामाचा फोन आला, "अरे, दोन तास झाले लावून, अजून सत्तरवरच आहे. चार्जर डुप्लिकेट दिला की काय?"

मी त्याला चार्जरच्या पाठीवरच्या बारीक करड्या अक्षरांचा फोटो पाठवायला सांगितला. तीन फोटो हलले, चौथ्यात दिसलं: आउटपुट ५ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार करा, १० वॅट, म्हणजे बेताचाच जोर. चार्जर अस्सल होता आणि फोनही मुळात १० वॅटचाच होता. कंपनीने खोक्यावर खोटं काही छापलेलं नव्हतं. खोटं होतं ते फक्त "एकदम फास्ट".

हाच खुलासा मी वर्षातून पाच-सहा वेळा करतो. कधी मामाला, कधी ऑफिसातल्या शिपाईकाकांना, एकदा तर रिक्षावाल्याला, भर सिग्नलला. आता एकदाच लिहून ठेवतो.

टाइप-सी काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. लंबगोल भोक, पिन उलटी-सुलटी कशीही जाते, आत २४ संपर्क, मानक २०१४ सालचं. त्याआधीच्या मायक्रो-यूएसबीला ५ संपर्क होते आणि अंधारात तिसऱ्या प्रयत्नात पिन जायची. भोकाबद्दल एवढंच. त्याचा आकार पाहून फोन किती वेगाने चार्ज होईल ते कळत नाही. पायजम्याची नाडी बघून कापडाचा पोत सांगण्यातला प्रकार आहे तो.

पटत नसेल तर रेडमीच्या ए मालिकेतले लागोपाठचे दोन फोन घ्या. २०२३ चा ए२: मायक्रो-यूएसबी, ५००० एमएएचची बॅटरी, १० वॅट. २०२४ चा ए३: टाइप-सी, ५००० एमएएच, १० वॅट. भोक बदललं, वेग तिथंच. आता उलटं उदाहरण. २०१७ चा मोटो जी५ प्लस आपल्याकडे भरपूर खपला. त्याला मायक्रो-यूएसबी होतं आणि तरी सोबत कंपनीचा टर्बो चार्जर मिळायचा. ओप्पोने तर २०१४ मध्येच, बाजारात एकही टाइप-सी फोन नसताना, फाइंड ७ मध्ये व्हूक नावाचं वेगवान चार्जिंग आणलं होतं. म्हणजे जुन्या भोकातूनही वेगाने चार्जिंग होत होतं आणि नव्यातूनही रखडत होतं.

मग वेग ठरतो कशावर? लोक नेमके इथेच घसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लग्नाच्या याद्या करतात ना, तसं समजा. चार्जर ही एक बाजू, फोन ही दुसरी. टाइप-सी चार्जरला टाइप-सी केबलने फोन जोडला की पहिल्या क्षणी चार्जर काहीच देत नाही. समोर खरंच कुणी आहे का हे तो आधी चाचपतो. त्यासाठी फोनच्या पोर्टाजवळ ५.१ किलोओहमचा एक चिमुकला रेझिस्टर असतो. तो सापडला की चार्जर ५ व्होल्ट सोडतो. हे झालं नुसतं चहापाणी. त्यानंतर चार्जर आपली यादी वाचून दाखवतो: माझ्याकडे ५ व्होल्टवर ३ अँपिअर आहे, ९ व्होल्टवर इतकं, १५ वर इतकं, २० वर इतकं. फोन त्यातलं आपल्याला झेपेल ते मागतो, चार्जर होकार देतो आणि मगच व्होल्टेज चढवतो. सगळं क्षणात उरकतं आणि पडद्यावर "वेगाने चार्ज होत आहे" अशी अक्षरं येतात.

ही बैठक ज्या भाषेत होते तिचं नाव यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी. पण बाजारात तेवढी एकच भाषा नाही. क्वालकॉमची क्विक चार्ज आहे. ओप्पो, रिअलमी, वनप्लस या भावंडांची व्हूक आणि सुपरव्हूक घराण्यातली बोली आहे. शाओमीची स्वतःची आहे. दोन्ही बाजूंना समान भाषा आली तर व्यवहार मोठा होतो. नाही आली तर भांडण वगैरे होत नाही, दोघं ५ व्होल्टांवर बसून राहतात आणि तुम्ही पडद्याकडे बघत बसता.

म्हणूनच "माझ्याकडे लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर आहे, त्याच्यावर फोन लावतो, सुसाट होईल" हे वाक्य ऐकलं की मला शहारे येतात. ६५ हा त्या चार्जरचा जास्तीत जास्त आवाका आहे. फोन मागेल तेवढंच तो देणार. फोनवर ३३ वॅट लिहिलेलं असेल, पण ते ३३ फक्त त्या कंपनीच्याच चार्जरवर मिळत असतील, तर पीडीवाल्या भल्यामोठ्या ठोकळ्यावर तोच फोन बऱ्याचदा १० ते १८ वॅटांवर समाधान मानतो. याच कारणाने "मोठ्या चार्जरने फोन जळतो" ही आत्यांची भीतीही निराधार आहे. न मागितलेलं चार्जर वाढत नाही. जळायचाच असेल तर फुटपाथवरच्या निनावी चार्जरने जळतो, आणि तोही बहुधा लहानच असतो.

सॅमसंगच्या २५ वॅटवाल्या फोनांची आणखी एक गंमत आहे. त्यांना नुसती पीडी पुरत नाही. पीपीएस नावाचा तिचा पुढचा धडाही चार्जरला यावा लागतो. त्यात फोन २० मिलिव्होल्टांच्या बारीक पायऱ्यांनी व्होल्टेज मागत राहतो, त्यामुळे फोनच्या आत उष्णता कमी होते. कंपनीच्या २५ वॅटच्या चार्जरवर पाहा, पीपीएसच्या ओळीत ११ व्होल्ट, २.२५ अँपिअर छापलेलं असतं. ती ओळच नसलेला चार्जर लावला की २५ ऐवजी १५ च्या आसपास मिळतात. भोक तेच, पीडीही तीच, तरी दहा वॅट गेले.

आणि मध्यस्थाला विसरू नका. केबल. टाइप-सी केबलमधून ३ अँपिअरपेक्षा जास्त न्यायचं असेल तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी एक चिप लागते. ती नसेल तर चार्जर ३ च्या वर जात नाही. व्हूक घराण्याच्या केबलींचा तर वेगळाच थाट. खोक्यातली हरवली आणि स्टेशनबाहेरून शंभर रुपयांत दुसरी आणली, की चार्जर खरा, फोन खरा, तरी वेग गेला. दोष मात्र नेहमी बॅटरीला लागतो.

चहापाण्याच्या टप्प्यावरच बैठक मोडते असंही घडतं. स्वस्त नेकबँड, ट्रिमर, टॉर्च यांच्यात टाइप-सी भोक बसवतात, पण तो काही पैशांचा रेझिस्टर वाचवतात. मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की चार्जरला समोर कुणीच सापडत नाही आणि तो काहीच सोडत नाही. तीच वस्तू जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर मात्र मुकाट चार्ज होते, कारण तो विचारपूस न करता ५ व्होल्ट सोडतो. रास्पबेरी पाय ४ सारख्या नावाजलेल्या छोट्या संगणक-बोर्डातही २०१९ मध्ये या रेझिस्टरांच्या जोडणीत चूक राहून गेली होती आणि चिपवाल्या केबलींवर तो चालूच होईना. तेव्हा तुमचा ट्रिमर बंद पडलाय असं समजून फेकण्याआधी जुना चार्जर शोधा.

युरोपियन युनियनच्या कायद्याला हा फरक बरोबर कळलेला दिसतो. त्यांचा समान चार्जरचा नियम २०२२ मध्ये मंजूर झाला आणि फोनांना २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. त्यात नुसतं टाइप-सी भोक मागून ते थांबले नाहीत. १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या यंत्राला पीडीही आलीच पाहिजे असं लिहिलं. घरची बोली खुशाल ठेवा, पण प्रमाणभाषा शिका. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०२३ च्या सुरुवातीला टाइप-सीचं मानक जाहीर केलं, तेव्हा बातम्यांचा सूर होता "आता एकच चार्जर". भोक एक झालं म्हणजे चार्जर एक झाला, हाच तो घोळ, या वेळी मथळ्यात.

एमएएच आणि वॅट यांचं फार अवघड नाही. एमएएच म्हणजे टाकी केवढी, वॅट म्हणजे ती किती जोरात भरते. ५००० एमएएचची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची. १० वॅटने ती कागदावर दोन तासांत भरायला हवी. पण काही ऊर्जा उष्णतेत जाते आणि शेवटच्या टप्प्यात फोन मुद्दाम वेग कमी करतो, म्हणून तीन तास धरा. १८ वॅटला दोनच्या आसपास, ३३ ला तासाहून थोडं जास्त. आता टाकी वाढवून नळ तसाच ठेवला तर? २०१९ च्या गॅलेक्सी एम३०एस मध्ये ६००० एमएएचला १५ वॅट होते. बॅटरी दोन दिवस पुरायची हे खरं, पण सकाळी निघताना पाच टक्के दिसले तर अंघोळ-नाश्त्याच्या वेळात फारसं काही पदरात पडायचं नाही.

खोक्यातल्या चार्जरवरून माझं डोकं विशेष फिरतं. २०१९ च्या रेडमी नोट ७ ला १८ वॅट झेपत होते, खोक्यात चार्जर मात्र १० वॅटचा. "सपोर्ट करतो" आणि "मिळतो" यांच्यात आठ वॅटांचं अंतर. आता तर बऱ्याच खोक्यांत चार्जरच नसतो. त्यामुळे भावाची तुलना करताना चार्जरचे पैसे धरल्याशिवाय आकडा बोलू नये.

टाइप-सीच्या नावावर खपणारी दुसरी समजूत डेटाच्या वेगाची. स्वस्त फोनांतलं टाइप-सी आतून बहुतेक वेळा जुनं यूएसबी २.० च असतं, सेकंदाला फार तर ४८० मेगाबिट. आयफोन १५ सुद्धा यातून सुटलेला नाही, तेव्हा गरिबांनी वाईट वाटून घेऊ नये.

स्टोरेजमध्येही हाच आकाराचा मोह आहे. दोन्ही खोक्यांवर १२८ जीबी. आतल्या चिपचा प्रकार मात्र वेगळा: एकात ईएमएमसी, दुसऱ्यात यूएफएस. ईएमएमसी एका वेळी वाचते किंवा लिहिते, यूएफएस दोन्ही एकदम करते आणि वाचण्याचा वेगही कित्येक पट. व्हॉट्सॅपचा बॅकअप चालू असताना कॅमेरा उघडायला चार सेकंद लागतात ते यामुळे. ईएमएमसीच्या १२८ पेक्षा मी यूएफएसचे ६४ घेईन आणि फोटोंसाठी कार्ड घालेन. "८ अधिक ८ रॅम" मधले दुसरे आठ याच स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, त्यांना मी हिशेबात धरत नाही.

एमएएचची तुलना करणं मी सोडून दिलंय. स्वस्तातल्या बहुतेक फोनांना ५००० असतेच. मी पाहतो वॅट आणि त्यापुढे पीडी हे अक्षर. घरची बोली बोलणाऱ्या ३३ पेक्षा पीडीचे १८ मला जास्त आवडतात, कारण गावी चार्जर विसरलो तर चुलतभावाच्या चार्जरवर काम भागतं. ज्यांचा फोन रात्रभर देवघराशेजारच्या प्लगवर असतो त्यांना १० वॅटही पुरतात, त्यांनी उगाच पैसे घालू नयेत.

मामाला मी हेच सांगितलं, की चार्जर ठीक आहे, रात्री लावत जा. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे जुन्याएवढाच वेळ लागणार? मग जुना काय वाईट होता?"

"त्याचं भोक सैल झालं होतं, मामा."

"हां, ते आहे," तो म्हणाला. "हे घट्ट बसतं."