टारफुला-प्रतिकारक ज्वारी

टारफुला (स्ट्रायगा) या परजीवी तणाला मुळावर बसू न देणारे, किंवा बसला तरी पोसू न देणारे ज्वारीचे वाण. आपल्याकडचा टारफुला वीतभर उंचीचा, पांढऱ्या फुलांचा; आफ्रिकेत ज्वारीची नासाडी करणाऱ्या जातीची फुले जांभळट-गुलाबी असतात. दिसायला अगदी गरीब. पण रानात ओल असतानाही ज्वारी दुपारी माना टाकू लागली, की खाली मुळांत तो शिरलेला असतो. रोपटे जमिनीवर दिसेपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते, त्यामुळे खुरपणीने त्या हंगामातले पीक फारसे वाचत नाही. बी धुळीच्या कणाएवढे, एका झाडाला हजारोंनी येते आणि मातीत दहा-दहा वर्षे जिवंत राहते.

हे बी आपणहून रुजत नाही. ज्वारीच्या मुळांतून झिरपणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोन नावाच्या रसायनांची चाहूल लागली, तरच त्याला मोड येतो. मग पीक ही हाक देतेच कशाला? उत्तर 2005 साली मिळाले: ती हाक मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या मित्रबुरशीसाठी असते, टारफुला ती चोरून ऐकतो. स्फुरद कमी पडले की पीक जास्त हाका मारते; हलक्या, कस गेलेल्या रानात टारफुला माजतो त्याचे एक कारण हेच.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मूळचे इथिओपियाचे गेबिसा एजेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाक कमी देणारी ज्वारी हुडकली. चाचणी साधी होती. अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात टारफुल्याचे बी मिसळायचे, कडेला मोड आलेला ज्वारीचा दाणा ठेवायचा आणि काही दिवसांनी मुळापासून किती लांबवरचे बी रुजले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. अंतर 10 मिलिमीटरच्या आत, तर वाण कामाचा. यातून गोबिये आणि अबशिर हे वाण इथिओपियातील शेतांपर्यंत गेले. एजेटांना 2009 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

या गुणामागचे एलजीएस-1 हे जनुक 2017 मध्ये उघड झाले. ते निकामी असलेली ज्वारी गप्प बसत नाही, फक्त बोली बदलते: 5-डीऑक्सिस्ट्रायगॉल या स्ट्रायगोलॅक्टोनऐवजी मुख्यतः ओरोबँकॉल हे दुसरे स्ट्रायगोलॅक्टोन सोडते. बुरशीला ते चालते, टारफुल्याला फारसे जागे करत नाही. सगळ्या संशोधनातला हा भाग सर्वांत देखणा म्हणावा लागेल.

दुसरी तऱ्हा भारतीय ज्वारीतली. एन-13 हा वाण हाक मारतो, टारफुला रुजतोही, पण मुळातील पेशींच्या भिंती जाड होत असल्याने त्याचे शोषकमूळ आत शिरू शकत नाही.

एकाच जनुकावर विसंबणे मात्र धोक्याचे, म्हणून पैदासकार दोन्ही गुण एका वाणात आणू पाहतात. प्रतिकारक वाणाच्या रानातही चार-दोन रोपटी उगवतातच. ती फुलावर येण्याआधी उपटावी लागतात, कारण बदललेली बोलीही ज्यांना कळली, त्यांचेच बी पुढच्या वर्षासाठी मातीत पडणार असते.