स्लीप अ‍ॅप्निया आणि रक्तातील चरबी

झोपेत घशाचा मार्ग पुन्हा पुन्हा मिटून श्वास अडकण्याच्या विकाराला अवरोधी स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. या विकाराच्या रुग्णांत ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) वाढलेले आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, घटलेले वारंवार आढळते. लठ्ठपणा हा दोन्ही बिघाडांचा सामाईक पाया असल्याने त्यांचे एकत्र येणे बराच काळ योगायोगात जमा होत असे. लठ्ठपणाचा हिशेब वेगळा काढल्यावरही संबंधाचा काही भाग उरतो, आणि तोच या नोंदीचा विषय आहे.

झोप गाढ होत गेली की जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड असेल, जबडा मागे असेल किंवा टॉन्सिल मोठे असतील, तर हवेची वाट आधी अरुंद होते (तेच घोरणे) आणि मग बंद होते. छाती-पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायूची पातळी ९६ टक्क्यांवरून ८५ किंवा त्याखाली घसरते. शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा हुंकार येतो, घसा उघडतो आणि पातळी पुन्हा वर चढते. रुग्णाला सकाळी यातले काहीही आठवत नाही. शेजारी झोपलेल्या माणसाला मात्र ते सगळे ठाऊक असते. किमान १० सेकंद टिकणारे असे अडथळे तासाला ५ ते १५ असतील तर विकार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. तासाला ३० म्हणजे सात तासांच्या झोपेत २१० वेळा प्राणवायूची चढउतार किंवा झोपमोड. चरबीच्या चयापचयावर घाव घालते ती मुख्यतः ही चढउतार.

तिचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात. पहिले चरबीच्या पेशींत. प्रत्येक घुसमटीबरोबर अनुकंपी (संकटात शरीराला सज्ज करणारी) मज्जासंस्था चेतवली जाते, अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात आणि साठवलेली चरबी विरघळून मेदाम्ले रक्तात येतात. एरवी ती धावपळीत जळून जातात. झोपलेल्या शरीरात ती यकृताकडे जातात आणि यकृत त्यांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडते. दुसरे ठिकाण यकृत. प्राणवायू कमी पडल्याची वर्दी देणारे एचआयएफ-१ हे प्रथिन तिथे चरबी तयार करणारी यंत्रणा जागी करते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सडपातळ उंदरांना पाच दिवस अशा खालीवर होणाऱ्या प्राणवायूत ठेवले, तेव्हा त्यांचे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढले. हे उंदीर लठ्ठ नव्हते, ही त्यातली महत्त्वाची बाब. तिसरे ठिकाण केशवाहिन्यांच्या भिंती. जेवणानंतर रक्तात आलेली चरबी तिथे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) फोडते. प्राणवायूच्या चढउताराने ते मंदावते, त्यामुळे रात्रीच्या जेवणातली चरबी रक्तात जास्त वेळ रेंगाळते. याशिवाय एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण ऑक्सिडीकरणाने अधिक उपद्रवी होतात आणि एचडीएलची संरक्षक क्षमता घटते. हे बदल नेहमीच्या रिपोर्टमधल्या आकड्यांत उमटत नाहीत.

त्याच विद्यापीठातील २००७ चा एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. उंदरांच्या काही गटांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला, काहींना साधा. काहींना अधूनमधून प्राणवायू कमी केलेल्या हवेत ठेवले, काहींना नेहमीच्या हवेत. महाधमनीत चरबीचे थर साचले ते आहार आणि घुसमट दोन्ही भोगणाऱ्या उंदरांत. नुसत्या आहाराने किंवा नुसत्या घुसमटीने ते साचले नाहीत.

माणसांतले पुरावे इतके स्वच्छ नाहीत. अमेरिकेतील स्लीप हार्ट हेल्थ स्टडी या मोठ्या पाहणीत तरुण आणि मध्यमवयीन स्त्री-पुरुषांमध्ये अडथळ्यांची संख्या वाढत गेली तसे ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि एचडीएल कमी झालेले दिसले. वृद्ध पुरुषांत हा संबंध फिका होता. एलडीएलबाबतचे निष्कर्ष जागोजागी वेगळे आहेत. त्यामुळे ‘एलडीएल ठीक आहे, काळजी नको’ एवढ्यावर या रुग्णांचा रिपोर्ट बाजूला ठेवणे बरोबर नाही. ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर आणि एचडीएल पुरुषांत ४० च्या, स्त्रियांत ५० च्या खाली, ही जोडी पाहायला हवी.

भारतीयांच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण वजन फारसे नसताना पोटावर चरबी आणि रक्तात नेमकी हीच जोडी आपल्याकडे सर्रास दिसते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९.५ टक्के पुरुषांत झोपेत श्वास अडखळत होता आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा पेंग येण्याचा त्रासही होता. हे कोणी आजारी म्हणून आलेले लोक नव्हते.

उपचाराने चरबी किती सुधारते, यावर मत बेताचेच ठेवावे लागते. मास्कमधून हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडले. घुसमट थांबवण्यात त्याच्या तोडीचा दुसरा उपाय नाही. ब्रिटनमधील २२० रुग्णांच्या एका चाचणीत महिनाभराच्या सीपॅपने एकूण कोलेस्टेरॉल सुमारे ११ मिलिग्रॅमने उतरले, पण नाममात्र दाब दिलेल्या गटाशी तुलना करता हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर काठावरच राहिला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत संशोधकांनी उपाशीपोटीच्या एका नमुन्यावर न थांबता २४ तास रक्त तपासले. तेव्हा सीपॅप वापरण्याच्या काळात जेवणानंतरचे ट्रायग्लिसराइड स्पष्टपणे कमी आढळले. उपाशीपोटी रक्त देण्याच्या आपल्या रिवाजात बिघाडाचा हाच भाग निसटतो, असे यावरून दिसते.

यंत्र किती तास लावले जाते, हा सगळ्यात अवघड मुद्दा. २७०० हून अधिक हृदयरुग्ण आणि पक्षाघाताच्या रुग्णांवरील सेव्ह चाचणीत (२०१६) सीपॅपमुळे हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्यात यंत्राचा वापर रात्रीला सरासरी ३.३ तास होता. उरलेली रात्र घसा मिटतच राहणार. म्हणून सीपॅप हे चरबी उतरवण्याचे औषध नव्हे आणि स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध चालू असेल तर ते यंत्राच्या भरवशावर बंद करायचे नाही. वजन उतरले तर मात्र दोन्ही बाजू एकदम हलतात. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ रुग्णांतील मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली, ती याच वाटेने.

दोन्ही बिघाड एकत्र दिसले की आणखी दोन गोष्टी तपासणे आवश्यक ठरते. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल वाढते आणि जीभ-घसा सुजून श्वासही अडतो. टीएसएच ही थायरॉइडची साधी रक्तचाचणी ते उघड करते. रात्रीचे मद्य घशाचे स्नायू सैल करते आणि ट्रायग्लिसराइडही वाढवते. मद्य बंद केल्यावर काही आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) पुन्हा केले, तर आकड्यांत त्याचा वाटा किती होता ते कळते. आणि घोरणे, दचकून जागे होणे, सकाळची डोकेदुखी तरीही चालू राहिली, तर रात्रभराची स्लीप स्टडी पुढे ढकलू नये.