बॉनेट उलटे करून पाहावे

रबाळे एमआयडीसीतील एका शेडमध्ये गेल्या जूनमध्ये ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश मोटारीचे फायबरचे (काचतंतू आणि रेझिनचे) बॉनेट दोन जुन्या टायरांवर उलटे ठेवलेले पाहिले. वरचा लाल रंग आरशासारखा होता. आतून मात्र उजव्या बिजागरीभोवती पांढरट डाग पसरला होता, आणि रुपयाच्या नाण्याने ठोकत तिथवर आल्यावर कणखर आवाज एकदम बद्द झाला. मडके आपण असेच वाजवून घेतो. बद्द आवाज आला, तर काचतंतूंचे थर एकमेकांपासून सुटले आहेत असे समजावे.

स्पिटफायर हे नाव अनोळखी असले, तरी तिची बहीण, एकेकाळी मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड, जुन्या पिढीने पाहिलेली आहे. दोघींचेही बॉनेट मडगार्डांसकट एकसंध पुढे कलते, त्यामुळे सगळा भार पुढच्या बिजागऱ्यांवर येतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतो, म्हणून फायबरचा मोह स्वाभाविक आहे. पण निवड करताना वजनापेक्षा जाडीकडे पाहावे. मॅट (तुटक काचतंतूंची चटई) आणि ती भिजवून घट्ट होणारे पॉलिएस्टर रेझिन यांचे 3 मिमी जाडीचे फायबर चौरस मीटरला सुमारे 4.5 किलो भरते, तर 0.8 मिमी पत्रा सुमारे 6.3 किलो. शर्यतीसाठी विकले जाणारे 2 मिमीचे बॉनेट आणखी हलके असते, परंतु वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने 3 वरून 2 मिमीवर येताच तो एक तृतीयांशाहूनही कमी उरतो. घोडबंदर रोडवरच्या पावसाळी खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीला असे बॉनेट मी तरी सुचवणार नाही.

दुरुस्तीचे मर्म रसायनात आहे. रेझिन घट्ट होते तेव्हा त्याच्या लांब साखळ्या स्टायरीनच्या दुव्यांनी एकमेकींना कायमच्या जखडल्या जातात. म्हणूनच डेंटर पत्र्याचा पोचा ठोकून काढतो तसा फायबरचा काढता येत नाही, की तडा वितळवून सांधता येत नाही. शिवाय जुन्या रेझिनमध्ये नव्याशी जोडले जाण्याची रासायनिक क्षमता फारशी उरलेली नसते. नवा थर जुन्याला मुख्यतः चिकटून राहतो. सांध्याची ताकद त्यामुळे चिकटण्याच्या क्षेत्रफळावर ठरते. तडा पुट्टीने भरून वर रंग मारणे मला ग्राहकाची फसवणूकच वाटते, कारण ताण वाहून नेणारे लांब तंतू त्या पुट्टीत नसतात, आणि तडा काही दिवसांतच पुन्हा रंगावर उमटतो.

योग्य पद्धत अशी की, सुटलेला भाग घट्ट थर लागेपर्यंत ग्राइंडरने काढावा आणि कडा उतरत्या कराव्यात. जाडीच्या 12 पट उतार चांगला, म्हणजे 3 मिमीसाठी प्रत्येक बाजूला 36 मिमी. त्यावर चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणारी मॅट रेझिनमध्ये भिजवून थर चढवावेत आणि रोलरने हवेचे बुडबुडे बाहेर काढावेत. एका थराची जाडी साधारण 1 मिमी होते. घासताना उडणारी काचेची धूळ घातक असल्याने मास्क हवाच.

हार्डनर रेझिनच्या 1 ते 2 टक्के लागतो. मे महिन्याच्या उकाड्यात 1 टक्क्याजवळ राहावे, नाहीतर डब्यातच रेझिन तापून गोठते. त्याहून कमी घातला, तर ते कधीच पूर्ण कडक होत नाही. कोबाल्ट, म्हणजे रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रावण, आधी रेझिनमध्ये नीट ढवळून मगच हार्डनर घालावा, कारण हे दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. पावसाळ्यात मॅट दमट होते आणि रेझिन तिला नीट धरत नाही, म्हणून ती बंद पिशवीत कोरडी ठेवावी.

रेझिन हाताला कडक लागले, तरी पुढे कित्येक दिवस ते किंचित आकसत राहते. लगेच रंग दिला, तर मॅटच्या तंतूंची नक्षी रंगातून दिसू लागते. त्या काळात बॉनेट भिंतीला टेकवून न ठेवता गाडीवरच बिजागऱ्यांना बोल्ट लावून बसवावे, म्हणजे ते दारांच्या फटींशी जुळलेल्या आकारातच पक्के होते.