व्हॉल्व्ह पुढे, आयसी मागे : घरी बांधायचा गिटार ॲम्प्लिफायर

स्वस्त 'ट्यूब' प्रीॲम्पमध्ये (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या पेटीत) पुष्कळदा व्हॉल्व्हच्या, म्हणजे त्या काचेच्या ट्यूबच्या, बुडाशी नारिंगी एलईडी असतो आणि जाहिरातीत 'उबदार आवाज' असं लिहिलेलं असतं. त्या उजेडाचा आवाजाशी काडीचाही संबंध नाही. व्हॉल्व्ह तापवायचा तो कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटावेत म्हणून. आवाजाचा पोत ठरतो तो व्हॉल्व्हमधून करंट कसा वाहतो त्यावर.

आपल्या ॲम्प्लिफायरमध्ये पुढे व्हॉल्व्ह, आणि मागे स्पीकर चालवायला आयसी. ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७, या व्हॉल्व्हमध्ये एकाच काचेत दोन ट्रायोड असतात. ट्रायोड म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, ते गोळा करणारी प्लेट आणि मध्ये त्यांचा प्रवाह आवरणारी ग्रिड. प्रत्येकाला प्लेटवर १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम व त्याला समांतर २२ मायक्रोफॅरड, ग्रिड ते ग्राउंड १ मेगओहम. गिटारच्या जॅकपासून पहिल्या ग्रिडपर्यंत ६८ किलोओहम. दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिडला १ मेगओहमचा व्हॉल्यूम पॉट. २५० व्होल्टवर प्लेट १७०च्या आसपास स्थिरावते आणि एका टप्प्यात सिग्नल साधारण ६० पट होतो. मीटरवर प्लेटला पूर्ण २५० दिसले तर करंट वाहतच नाही. हीटर (कॅथोड तापवणारी तार) आणि कॅथोडचे सांधे तपासा.

तार जोरात छेडली की ग्रिड ऋण बाजूला जाते, करंट हळूहळू आटतो आणि लाटेचं ते टोक गोलसर दबतं. दुसऱ्या बाजूला ग्रिड कॅथोडपेक्षा धन झाली की ती स्वतःच इलेक्ट्रॉन ओढू लागते. मागच्या टप्प्याचा रोध मोठा, त्यामुळे तिथलं व्होल्टेज खचतं. दोन अर्धे वेगवेगळ्या रीतीने दबले की मूळ स्वरात दुप्पट कंपनसंख्येचा स्वर मिसळतो. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, म्हणून तो कानाला खुपत नाही. मागच्या एलएम१८७५ सारख्या आयसीत निगेटिव्ह फीडबॅक असतो, म्हणजे आउटपुटचा काही भाग उलटा होऊन इनपुटला परत येतो. तो लाट शेवटपर्यंत सरळ ठेवतो आणि मर्यादा आली की दोन्ही टोकं सारखीच छाटतो. त्यातून तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे स्वर निघतात, आवाज करकरतो. लाट दबायची ती व्हॉल्व्हमध्येच, आयसीची पाळी येऊ द्यायची नाही.

घोटाळा होतो तो दोघांच्या जोडणीत. प्लेटचा आउटपुट रोध सुमारे ३८ किलोओहम, आयसीच्या बोर्डाचा इनपुट बहुधा २२ किलोओहम. थेट जोडलं तर जेमतेम ३७ टक्के सिग्नल उरतो. वर २२ नॅनोफॅरडचा कपलिंग (दोघांना जोडणारा) कपॅसिटर १२० हर्ट्झखालचा आवाज खातो, आणि गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची! उपाय एका रेझिस्टरचा: कपॅसिटरनंतर २२० किलोओहम, मग २२ किलोओहमचा मास्टर पॉट. सिग्नल वीस-पंचवीसपट घटतो, पण बिघडत नाही. आयसीला पूर्ण आवाजासाठी एक व्होल्टही लागत नाही. खालची मर्यादा तीस हर्ट्झच्याही खाली जाते. कपॅसिटर ६३० व्होल्टचाच घ्या, आणि आयसीच्या इनपुटला ५.१ व्होल्टचे दोन झेनर (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर अडवणारे डायोड) पाठीला पाठ लावून ठेवा.

आता वीज. विदर्भातल्या खेड्यात ओलिताच्या दिवसांत कृषिपंप सुरू झाले की लाइन १८० वर येते, रात्री पंप बंद झाले की २५०च्या वर चढते. म्हणून ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ चा नको, १५-०-१५ चा घ्या; ८ ओहमच्या स्पीकरवर पंधराएक वॅट पुरेसे आहेत. हीटर या ट्रान्सफॉर्मरच्या धन डीसी बाजूवरून ७८१२ (व्होल्टेज १२ वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) लावून १२ व्होल्ट डीसीवर चालवा, पिन ४ आणि ५ वर. लाइन पडली तरी तो थंडावत नाही, हमिंगही जाते. २५० व्होल्टसाठी १५ व्होल्टचा दुसरा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडा, म्हणजे त्याची १५ व्होल्टची बाजू पहिल्याच्या १५ व्होल्टला. पुढे ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट, १० किलोओहम, २२ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पेटीत त्याहून जास्त असतात, म्हणून आयसीचं हीटसिंक पेटीच्या बाहेर ठेवा. एलएम१८७५ च्या पत्र्यावर ऋण पुरवठा असतो. मध्ये वीज अडवणारी मायकाची चकती विसरलात तर चेसिसला (धातूच्या पेटीला) शॉर्ट.

गिटारच्या तारा चेसिसला जोडलेल्या असतात, वाजवणाऱ्याची बोटं त्यांवरच. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. त्यात पाणी टाकत राहा, बोर्डावर आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा, टू-पिनवर हा ॲम्प्लिफायर चालवू नका. मोठ्या कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॅट कायमचा जोडा. बंद केल्यावर मिनिटभर थांबा आणि मीटरवर ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालू नका.