पयायचं का खेयायचं?

जळगावच्या मेहरूण तलावावर पहाटे पाचला पळणारी जी मंडळी दिसतात, त्यांतली बरीच संध्याकाळी दुसरीकडे घाम गाळत असतात. कोणी बॅडमिंटनच्या कोर्टवर, कोणी गावच्या व्हॉलीबॉलच्या नेटवर, एखादा अजून तालमीत. मी त्यांतलाच. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी २६ किलोमीटर पळालो आणि संध्याकाळी 'एक माणूस कमी पडतोय' म्हणून नेटवर उभा राहिलो. तिसऱ्या सेटमध्ये स्मॅशला उडी घेतली. खाली उतरलो तेव्हा डाव्या पोटरीवर कोणीतरी दगड मारल्यासारखं झालं. वळून पाहिलं, मागे कोणीच नव्हतं. पोटरीचा स्नायू फाटतो तेव्हा नेमकं असंच वाटतं, हे नंतर कळलं.

आमच्यातल्या सगळ्यात जुन्या खेळाडूनं बर्फ लावता लावता निकाल दिला, "येक ठरव भो. पयायचं का खेयायचं?"

पाच आठवडे पाय वर करून बसायचं होतं, म्हणून या प्रश्नाच्या मागे लागलो.

हा प्रश्न प्रयोगशाळेत नेणारा माणूस स्वतः वजनं उचलणारा होता. रॉबर्ट हिक्सन. संशोधनासाठी तो अमेरिकेतल्या सेंट लुईसला जॉन होलोझी यांच्याकडे गेला. होलोझी रोज पळायचे, साहेबांसोबत हाही पळू लागला, आणि काही दिवसांत दंड-मांड्या उतरल्या. पुढे १९८० साली त्यानं तीन गट केले. एकानं फक्त वजनं उचलली, दुसऱ्यानं फक्त दमश्वासाचा व्यायाम केला, तिसऱ्यानं दोन्ही. दहा आठवड्यांनी दिसलं ते असं : दोन्ही करणाऱ्यांचा दमश्वास दुसऱ्या गटाइतकाच वाढला, पण ताकद सातव्या आठवड्यापर्यंत चढली, मग थबकली आणि शेवटी उतरू लागली.

याचं कारण पुढे पेशींमध्ये सापडलं असं वाटलं. ऊर्जा आटली की पेशीत एएमपीके नावाचं विकर जागं होतं. ते सांगतं, खर्च थांबवा. वजन उचललं की एमटॉर नावाचं दुसरं विकर जागं होतं. ते सांगतं, नवं प्रथिन बांधा. एक काटकसरी, दुसरा घर बांधायला निघालेला. जिममध्ये 'पळालास तर बॉडी जाईल' असं जे सांगतात, त्याचं मूळ इथं आहे.

पण हिक्सनच्या तिसऱ्या गटाचं वेळापत्रक बघा. आठवड्याला पाच दिवस वजनं, सहा दिवस दमश्वास, म्हणजे अकरा सत्रं, आणि तीही जोराची. दुकान, शाळा, शेत सांभाळून खेळणाऱ्यांपैकी कोण एवढं करतं? नंतरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली घेतला गेला, तेव्हा स्नायूंचा आकार आणि कमाल ताकद या दोन्हींचं दोन्ही व्यायाम केल्यानं फारसं नुकसान दिसलं नाही. झळ बसली ती झटक्याच्या ताकदीला, उडी-मुसंडीच्या ताकदीला. आणि तीही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात उरकले तेव्हा.

माझ्या मते खरं भांडण पेशीतल्या या दोन विकरांचं नाहीच. ते कणगीचं आहे.

पळताना दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते. माझं वजन ६८ किलो, म्हणजे २६ किलोमीटरला जवळजवळ १,७५०. यातला काही भाग चरबीतून येतो, पण मोठा भाग ग्लायकोजेनमधून, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेतून. स्नायूंत ती साधारण ४०० ग्रॅम असते, यकृतात १०० च्या आसपास. लांब पळून आलेल्या माणसाच्या मांड्या-पोटऱ्यांत कणगीचा तळ दिसू लागलेला असतो, आणि ती पुन्हा भरायला, नीट जेवलं तरी, एक दिवस तरी जातो.

१९६६ साली बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी यावर एक गमतीदार प्रयोग स्वतःवरच केला. सायकल एक, माणसं दोन. दोघांनी एकेकाच पायानं पॅडल मारलं. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय खाल्लं आणि दोन्ही मांड्यांतून सुईनं स्नायूचा कण काढून तपासला. दमलेल्या पायातला साठा न दमलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला होता. म्हणजे प्रत्येक स्नायूची कणगी वेगळी. शेजाऱ्याला उसनं देण्याची सोय नाही. स्नायूत गेलेली साखर तिथंच वापरली जाते. म्हणूनच लांब पळाल्याच्या संध्याकाळी मल्लखांबावर हातांनी लोंबकळणाऱ्याला जे जमतं, ते नेटवर उड्या मारणाऱ्याला महागात पडतं. त्याला नेमकी तीच रिकामी कणगी उघडावी लागते.

आता उडीतून उतरण्याचं बघू. विहिरीतून भरलेली बादली ओढताना दंडाचा स्नायू आखूड होत जोर लावतो. तीच बादली हळूहळू खाली सोडताना तो लांबत लांबत जोर लावतो. या लांबत लावलेल्या जोरानं धाग्यांना बारीक इजा होते. दुखणं येतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उडीतून उतरणं, कबड्डीत एकदम थबकून वळणं, तोरणमाळचा घाट पळत उतरणं, सगळं याच जातीचं. शिवाय इजा झालेला स्नायू साखरही हळू भरून घेतो. गंमत म्हणजे हाच त्रास थोडा थोडा, नियमित दिला तर स्नायू शिकतो आणि पुढच्या वेळी कमी दुखतो. वर्षभर न खेळता यात्रेतल्या सामन्यात उतरणारा म्हणूनच आठवडाभर जिना धरून उतरतो.

पळणाऱ्याला उड्यांचा फायदाही होतो. फिनलंडमध्ये १९९९ साली तयारीच्या धावपटूंनी नऊ आठवडे आपल्या सरावाचा सुमारे तिसरा हिस्सा कमी करून तिथं उड्या आणि छोटे वेगवान पल्ले घातले. त्यांची ५ किलोमीटरची वेळ सुधारली. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मात्र वाढली नव्हती. टाचेवरची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी, आणि पोटरी जास्त स्प्रिंगसारखी वागू लागली असावी, तेवढ्याच दमात पाऊल पुढं पडू लागलं. व्हॉलीबॉल म्हणजे तो सराव नव्हे, हे कबूल. पण शीर स्नायूपेक्षा सावकाश तयार होते, म्हणून मॅरेथॉनला तीन महिने उरले असताना खेळ नव्यानं सुरू करणं मला शहाणपणाचं वाटत नाही. आधीपासून खेळत असाल तर सोडायचंही कारण दिसत नाही.

खाण्याबद्दल रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात सांगायला नकोच. २०१२ च्या एका अमेरिकन प्रयोगात सायकलपटूंनी ७५ किलोमीटरला एकदा केळी खाल्ली, एकदा तयार पेय प्यायलं. वेळ सारखीच आली. पोट मात्र केळ्यांनी जड झालं. पण केळ्यातल्या पोटॅशियममुळे पोटरीत गोळे येत नाहीत, हे आपलं लाडकं मत तेवढं पक्कं नाही. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, आणि ते केळ्यात जवळजवळ नसतंच. मीठ घातलेलं ताक सोबत ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पळणं आणि खेळ यांपैकी एकच, आणि तेही उजाडायच्या आत. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात.

माझा आठवडा आता असा : रविवारी लांब पल्ला, सोमवारी काही नाही, मंगळवारी हलकं पळणं, बुधवारी व्हॉलीबॉल. शुक्रवारी जमलं तर पुन्हा खेळ, पण शनिवारी पाय मोकळे. रविवारी संध्याकाळी मी नेटच्या बाजूला खुर्ची टाकून गुण मोजतो. परवा एक माणूस कमी पडला, सगळे माझ्याकडे बघू लागले. जुन्या खेळाडूनं दुरूनच हात हलवला, "राहू द्या त्याले. कणगी रिकामी हाये त्याची."